सारणी आज्ञावलीरचना, संख्यात्मक

एकाच प्रकारच्या अनेक संख्या आयताकृती मांडणीत एकत्र ठेवून त्या सर्वांवर एकाच आज्ञेने गणितकृत्य करण्याच्या संगणकीय पद्धतीस संख्यात्मक सारणी आज्ञावलीरचना असे म्हणतात. अशा मांडणीला संगणकशास्त्रात ‘ॲरे’ ही संज्ञा आहे. प्रस्तुत नोंदीत तिच्यासाठी ‘सारणी’ हा शब्द योजला आहे. संख्यांच्या एकाच रांगेने बनलेली सारणी एकमितीय, ओळी व स्तंभ असलेली द्विमितीय आणि अशा अनेक पत्रकांची चळत म्हणजे त्रिमितीय सारणी होय. सर्वसाधारण आज्ञावलीत प्रत्येक संख्या एकेक करून उचलावी लागते. सारणी पद्धतीत ‘या सारणीतून ती सारणी वजा करा’ एवढे लिहिणे पुरते. पायथॉन या संगणक भाषेत ही सोय नमपाय या आज्ञासंग्रहाने उपलब्ध झाली असून विज्ञान, अभियांत्रिकी, हवामान व अर्थशास्त्र या क्षेत्रांतील आकडेमोडीचा फार मोठा भाग आज त्यावर आधारलेला आहे. [⟶ आव्यूह सिद्धांत, संगणक].

सारणीचे नियम ठरविताना एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा उपस्थित होतो. वापरणाऱ्याने अर्धवट सांगितलेली गोष्ट संगणकाने अंदाजाने पूर्ण करावी, की काम नाकारून खुलासा मागावा? अंदाजाने लेखन सुटसुटीत होते. पण अंदाज चुकला, तर उत्तर चुकीचे येते आणि चूक झाली हे कोठेही कळत नाही.

इतिहास : सारण्यांची सोय फोर्ट्रान भाषेत १९५७ पासून होती; मात्र तीत प्रत्येक घटकासाठी आवर्तन लिहावे लागे. संपूर्ण सारणी हीच एक राशी मानण्याची कल्पना केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडली. त्यांच्या एपीएल या भाषेत एकेका चिन्हाने सारणीवरील संपूर्ण कृत्य व्यक्त होई. १९७९ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. पायथॉन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तीत अशी सारणी नव्हती. १९९५ साली जिम ह्यूगनिन यांनी ‘न्यूमरिक’ हा संग्रह रचला. पुढे अमेरिकेतील अवकाश दूरदर्शक विज्ञान संस्थेत खगोलीय प्रतिमांच्या गरजेतून ‘नमअरे’ हा दुसरा संग्रह तयार झाला. पहिला लहान सारण्यांना, तर दुसरा मोठ्या सारण्यांना सोयीचा होता. त्यामुळे वापरणाऱ्यांत तट पडले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ मध्ये दोहोंचा मेळ घालून नमपाय सिद्ध केला व त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये निघाली. दोन पूर्वजांचे वापरकर्ते सांभाळायचे असल्याने त्यांच्या काही सवयीही नव्या संग्रहात उतरल्या. खाली वर्णिलेल्या अडचणींपैकी काहींचे मूळ या तडजोडीत आहे.

स्मृतीतील मांडणी : संगणकाची स्मृती ही एकसलग पट्टी असते, ओळी व स्तंभ तिला ठाऊक नसतात. नमपायची सारणी म्हणजे या पट्टीचा एक सलग तुकडा आणि तो कसा वाचावा हे सांगणारे छोटे टिपण होय. नांदेड जिल्ह्यातील १६ तालुक्यांच्या १० वर्षांच्या वार्षिक पावसाची सारणी हे उदाहरण घेता येईल. ओळीत तालुके व स्तंभांत वर्षे मांडली आणि प्रत्येक आकड्यास ८ बाइट दिले, तर एकूण १,२८० बाइट लागतात. शेजारच्या वर्षाकडे जाण्यास ८ बाइटांची आणि त्याच वर्षाच्या पुढील तालुक्याकडे जाण्यास ८० बाइटांची ढांग टाकावी लागते. टिपणात सारणीचा आकार, संख्यांचा प्रकार व या ढांगा नोंदलेल्या असतात. ओळींचे स्तंभ व स्तंभांच्या ओळी करावयाच्या असतील, तर एकही आकडा हलवावा लागत नाही. टिपणातील ८० व ८ यांची अदलाबदल केली की झाले. नमपायच्या वेगाचे व काटकसरीचे रहस्य बव्हंशी या युक्तीत आहे.

तालुके अकारविल्हे लावल्यास अर्धापूर, उमरी, कंधार, किनवट या चारांनंतर पाचवा देगलूर येतो. पायथॉनमध्ये मोजणी शून्यापासून होत असल्याने देगलूरच्या ओळीचा क्रमांक ४ ठरतो. ऋण क्रमांक शेवटापासून मोजतात. म्हणून −१ ही शेवटची ओळ, म्हणजे हिमायतनगर. ही सोय उपयुक्त असली, तरी ‘नाव सापडले नाही’ हे −१ या उत्तराने कळविण्याची काही कार्यरीतींची प्रथा आहे. ते उत्तर तसेच क्रमांक म्हणून वापरले गेले, तर नाव लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक झालेल्या तालुक्याच्या जागी हिमायतनगरचा पाऊस निमूटपणे येतो.

झरोका की प्रत : देगलूरची ओळ सारणीतून वेगळी काढली असता मिळणारी वस्तू कोणती, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्नांपैकी एक आहे. नमपायमध्ये सलग वा समान अंतरावरील घटक निवडल्यास नवी सारणी तयार होत नाही. मूळ स्मृतीकडे पाहण्याचा एक झरोका तेवढा मिळतो. त्यातून केलेला बदल मूळ सारणीतही होतो. याउलट क्रमांकांची यादी देऊन किंवा अट घालून (उदा., ‘५०० मिमी.पेक्षा कमी पाऊस असलेले’) घटक निवडल्यास स्वतंत्र प्रत मिळते व मूळ अबाधित राहते. याचे कारण तांत्रिक आहे. अटीने निवडलेले घटक कोठेही विखुरलेले असू शकतात आणि ठरावीक ढांगांच्या टिपणात ते बसविता येत नाहीत.

व्यवहारात याचा परिणाम गंभीर होऊ शकतो. पर्जन्यमापकाची नोंद न मिळालेल्या जागी −९९९ असा खुणेचा आकडा लिहिण्याची पद्धत सर्वत्र आढळते. आलेख काढण्यापुरता तो नको म्हणून कोणी देगलूरची ओळ वेगळी काढून तीतील −९९९ च्या जागी शून्य घातले, तर ती ओळ झरोका असल्याने मूळ सारणीतही नोंद नसलेल्या ठिकाणी पाऊस शून्य झाला असे नोंदले जाते. हेच काम एकच क्रमांक असलेली यादी देऊन केले असते, तर मूळ सारणी सुरक्षित राहिली असती. दोन्ही आज्ञांत फरक केवळ एका कंसाच्या जोडीचा असतो. मॅटलॅब व आर या भाषांत निवडलेला भाग नेहमी स्वतंत्र प्रतीसारखाच वागतो. तेथे हा धोका नाही, पण मोठ्या सारणीचा भाग बदलताना स्मृती अधिक खर्ची पडते. नमपायच्या रचनाकारांनी वेग पसंत केला. अब्जावधी संख्यांच्या सारण्या हाताळणाऱ्यांना तो निर्णय योग्य वाटतो. नवशिक्यांना मात्र तो वारंवार अडचणीत आणतो.

आकारांचा विस्तार : दोन सारण्यांचे आकार भिन्न असताना त्यांची बेरीज-वजाबाकी कशी करावी? समान आकारांचाच आग्रह धरला, तर सारणीच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा करण्यासाठीही पाचांची सारणी बनवावी लागेल. यावर नमपायने विस्ताराचा नियम स्वीकारला आहे. दोन्ही आकार शेवटच्या मितीपासून मागे जुळवीत जावे. प्रत्येक मितीत लांबी समान असावी किंवा एकीची लांबी १ असावी. एखादी मिती नसल्यास तिची लांबी १ समजावी. १ लांबीची बाजू मग दुसरीच्या लांबीइतकी पसरली असे मानून कृत्य केले जाते. प्रत्यक्षात आकड्यांच्या प्रती काढल्या जात नाहीत. त्या दिशेची ढांग शून्य धरली जाते.

नांदेडच्या १६ × १० सारणीतून १६ तालुक्यांच्या सरासरी पावसाची रांग वजा करू गेल्यास हा नियम ते काम नाकारतो. कारण शेवटच्या मिती १० व १६ जुळत नाहीत. रांगेला १६ × १ असा उभा आकार द्यावा लागतो. हा नकार त्रासदायक वाटला, तरी उपकारकच आहे. तीच आज्ञावली लातूर जिल्ह्यास लावली असता त्याचे महत्त्व ध्यानात येते. लातूरमध्ये तालुके १० आहेत व वर्षेही १० घेतली आहेत. १० × १० सारणीतून १० तालुक्यांच्या सरासरींची रांग वजा करताना शेवटच्या मिती जुळतात आणि नियमास काहीच वावगे दिसत नाही. परंतु रांग ओळींना न लागता स्तंभांना लागते. सर्व तालुक्यांच्या पहिल्या वर्षाच्या पावसातून अहमदपूरची सरासरी, दुसऱ्या वर्षाच्या पावसातून उदगीरची, तिसऱ्याच्या पावसातून औशाची वजा होते. उत्तराचा आकार १० × १० असाच असतो, आकडेही पावसाच्या तफावतीसारखेच दिसतात. नांदेडसाठी जी चूक संगणकाने अडविली, तीच लातूरसाठी केवळ तालुके व वर्षे यांची संख्या योगायोगाने सारखी असल्याने पार पडते.

अशा चुकीचे मोल आकड्यांनी सांगता येते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गवारीनुसार सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस हा ‘अपुरा’ समजतात. एका तालुक्याची सरासरी ८५० मिमी. व दुसऱ्याची ६५० मिमी. असून दोहोंत ६५० मिमी. पाऊस झाला असे मानू. पहिल्यात तूट सु. २४ टक्के, म्हणजे पाऊस अपुरा. दुसऱ्यात तूट मुळीच नाही. सरासऱ्यांची अदलाबदल झाली, तर टंचाईचा तालुका सुस्थितीत आणि सुस्थितीतील तालुका टंचाईत दिसेल. केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या दुष्काळ संहितेत पर्जन्याची तूट हा प्राथमिक निकष आहे आणि महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दुष्काळ जाहीर केला तोही १५१ तालुक्यांची यादी करूनच. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तालुकावार तुटीचा आकडा निव्वळ संगणकीय कुतूहलाचा विषय राहत नाही. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. त्यामुळे सारण्यांच्या ओळी वाढल्या आणि त्या डोळ्यांनी तपासून पाहणे अशक्यप्राय झाले.

विस्ताराचा नियम टाकून द्यावा असे म्हणणारे थोडेच आहेत. गैरसमज होतो तो सहसा नसलेली मिती आपोआप कल्पिण्याच्या कलमामुळे. रांगेस आडवा वा उभा आकार देणे सक्तीचे असते, तर लातूरची चूक घडली नसती. पण अगदी साध्या आज्ञाही लांबल्या असत्या.

अक्ष : याच्याशी निगडित असा अक्षांच्या क्रमांकाचा घोळ आहे. ‘अक्ष ० वर बेरीज करा’ याचा अर्थ ओळींच्या बेरजा करा असा अनेकांना वाटतो. नमपायमध्ये सांगितलेला अक्ष बेरजेत विरून जातो. १६ × १० सारणीवर अक्ष ० लावला की तालुके विरतात व वर्षांच्या १० बेरजा उरतात. नियम सुसंगत आहे. परंतु आकडा अर्थ बोलत नाही. ‘तालुका’ व ‘वर्ष’ अशी नावेच अक्षांना दिली, तर हा घोळ व लातूरची चूक या दोहोंचे मूळ नाहीसे होते. पायथॉनमधील एक्सअरे या संग्रहाने २०१४ पासून हा मार्ग अनुसरला असून हवामानशास्त्रात त्याचा प्रसार झाला आहे. नावे सांभाळण्याचा भार मात्र लहान सारण्यांच्या कामात जाणवतो.

संख्यांचा प्रकार : सारणीतील सर्व संख्या एकाच प्रकारच्या असाव्यात हा नियम वेगासाठी आवश्यक आहे, त्यातून मर्यादेचा प्रश्न उद्भवतो. पायथॉनचा नेहमीचा पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो, सारणीतील नाही. जागा वाचविण्यासाठी पाऊस मिलिमीटरच्या दशांशात व १६ बिटांच्या पूर्णांकात लिहिला, तर कमाल संख्या ३२,७६७ असते. वर्षाला ९०० मिमी. म्हणजे ९,०००, चार वर्षांच्या सारण्या एकमेकींत मिळविल्यास ३६,००० व्हावयास हवेत, पण उत्तर −२९,५३६ येते व कोणतीही सूचना मिळत नाही. विशेष म्हणजे हीच बेरीज नमपायच्या बेरीज-कार्यरीतीने केली, तर ती आपण होऊन मोठा प्रकार निवडते व उत्तर बरोबर येते. एकाच बेरजेच्या दोन वाटांनी दोन उत्तरे मिळावीत, ही विसंगती समर्थनीय म्हणता येत नाही.

भिन्न प्रकार एकत्र आल्यास उत्तराचा प्रकार कोणता, याविषयीचा नियम दीर्घकाळ असा होता की, सुट्या संख्येचे मूल्य पाहून प्रकार ठरे. १६ बिटांच्या सारणीत १ मिळविल्यास प्रकार तोच राही. ४०,००० मिळविल्यास तो ३२ बिटांचा होई. उत्तराचा प्रकार आधी सांगता येत नसल्याने हा नियम टीकेस पात्र ठरला. जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमपायच्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीत तो रद्द झाला. आता सारणीचाच प्रकार कायम राहतो आणि ४०,००० त्यात मावत नसल्यामुळे ते कृत्य नाकारले जाते. अंदाजाकडून नकाराकडे झालेले हे संक्रमण होय. यासाठी असंख्य जुन्या आज्ञावल्या तपासाव्या लागल्या, हेही नमूद केले पाहिजे.

नोंदरहित जागा : −९९९ सारख्या खुणांऐवजी तरत्या दशांशचिन्हाच्या संख्यांत ‘संख्या नव्हे’ असे एक खास मूल्य उपलब्ध आहे, त्याची व्याख्या १९८५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात केलेली आहे. ते ज्या बेरजेत येते ती बेरीजही ‘संख्या नव्हे’ ठरते. एका दिवसाच्या नोंदीअभावी संपूर्ण वर्षाची बेरीज बाद होते म्हणून पुष्कळांना ते जाचक वाटते, परंतु अज्ञान लपत नाही हा त्याचा गुण आहे. हे मूल्य वगळून बेरीज करणाऱ्या कार्यरीतीही नमपायमध्ये आहेत. त्यांत नोंदरहित दिवस शून्य धरला जातो; महिन्याची एकही नोंद नसेल, तर बेरीज शून्य येते. न मोजलेला महिना आणि कोरडा गेलेला महिना यांत मग भेद राहत नाही. सरासरी काढणारी तशीच कार्यरीती वापरल्यास मात्र रिकाम्या महिन्याचे उत्तर ‘संख्या नव्हे’ असे येते व इशाराही मिळतो. पूर्णांकांच्या सारणीत असे मूल्यच नाही. आर या भाषेत ‘अनुपलब्ध’ हे मूल्य पूर्णांकांसही आहे व या बाबतीत ती रचना सरस आहे.

गुणाकाराचे चिन्ह : सारण्यांचा गुणाकार घटकशः करावा की आव्यूहांच्या नियमाने, हा वाद आता मिटला आहे. न्यूमरिकच्या काळापासून गुणाकाराचे चिन्ह घटकशः गुणाकारासाठी राखलेले होते. आव्यूहांकरिता वेगळा प्रकार होता व त्यात त्याच चिन्हाचा अर्थ बदले. एकाच चिन्हाचे दोन अर्थ झाल्याने दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचणे कठीण झाले. २०१५ मध्ये पायथॉनच्या ३·५ या आवृत्तीत आव्यूह-गुणाकारासाठी स्वतंत्र चिन्ह आले आणि तो वेगळा प्रकार मागे पडला.

मोठ्या सारण्या : मराठवाड्यातच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी सु. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने टिपलेल्या पहिल्या तरंगाच्या विश्लेषणात नमपायचा उपयोग झाला होता. अशा वेधशाळेचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदला जातो. म्हणजे दिवसाला सु. १४२ कोटी संख्यांची एकमितीय सारणी तयार होते. प्रत्येकी ८ बाइट धरल्यास ती सु. ११ अब्ज बाइट व्यापते. काही सेकंदांचे तुकडे पुढेपुढे सरकवीत अपेक्षित तरंगरूपांच्या लाखो नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. प्रत्येक तुकड्याची प्रत काढावी लागली असती, तर स्मृती व वेळ यांचा अपव्यय अतोनात झाला असता. पावसाच्या सारणीत घातक ठरणारा झरोका येथे अपरिहार्य ठरतो.

संकेताच्या अशा विश्लेषणासाठी चित्रप्रक्रियकांवर चालणारे व एकाच वेळी अनेक यंत्रांत काम वाटणारे सारणीसंग्रहही आता वापरात आहेत. त्यांचे नियम थोडेथोडे भिन्न असल्याने २०२० साली समाईक मानक ठरविण्यासाठी एक संघ स्थापन झाला आणि त्याचा पहिला मसुदा त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. विस्ताराचा नियम या मानकाने नमपायप्रमाणेच ठेवला आहे. झरोका की प्रत हा निर्णय मात्र त्याने ज्या त्या संग्रहावर सोपविला असून, आज्ञावलीने दोहोंपैकी कशावरही विसंबू नये असे सुचविले आहे. जॅक्ससारख्या काही संग्रहांत सारणी एकदा तयार झाल्यावर बदलताच येत नाही. बदल हवा असल्यास नवी सारणी मिळते.